डेंग्यूचे रुग्ण नेमके किती?

पावसाळा लागला की तापाच्या रुग्णांची रांग वाढते आणि एक प्रश्न हमखास कानावर येतो, ‘डॉक्टर, यंदा वसई-विरारमध्ये डेंग्यूचे रुग्ण किती?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर काढणे सोपे नाही.

समजा, नालासोपाऱ्यात राहणारा आणि रोज लोकलने अंधेरीला कामावर जाणारा एक तरुण आजारी पडला. घरी आलेल्या आरोग्यसेविकेने ‘ताप’ अशी नोंद केली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ‘डेंग्यू असावा’ असे लिहिले. खासगी लॅबमध्ये कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली. पुढे मुंबईतल्या रुग्णालयात एलायझा चाचणीने डेंग्यू निश्चित झाला. माणूस एक, नोंदी चार! त्यातही एका ठिकाणी वय लिहिलेले, दुसरीकडे जन्मतारीख. पत्ता कुठे घरचा, तर कुठे ऑफिसचा. या नोंदींची नुसती बेरीज केली तर एकाचे चार रुग्ण होतात. फक्त ऑफिसचा पत्ता असलेली नोंद पाहिली, तर नालासोपाऱ्यात रुग्णच नाही.

‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा अर्थही सगळीकडे सारखा नसतो. राष्ट्रीय कार्यक्रमात डेंग्यूच्या निश्चितीसाठी एलायझा पद्धत ग्राह्य धरतात. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम चाचणी करतात. नुसत्या कार्ड टेस्टवर रुग्ण ‘संभाव्य’ ठरतो.

केंद्र सरकारच्या आयएचआयपी या रोग सर्वेक्षण प्रणालीतही आरोग्यसेविका, डॉक्टर आणि लॅब यांचे फॉर्म वेगवेगळे आहेत. त्यात गैर काही नाही, कारण प्रत्येकाला आजाराचा वेगळा टप्पा दिसतो. मात्र प्रश्न विचारण्याआधी कोणता रकाना कोणत्या रकान्याशी जुळतो, हे ठरवावे लागते. मग सगळी माहिती एका साच्यात आणून एकत्र साठवता येते. किंवा माहिती जिथल्या तिथे ठेवून, संगणकाकडून एकच प्रश्न प्रत्येक प्रणालीच्या भाषेत विचारून घेता येतो. दुभाषा हेच काम करतो. आरोग्य क्षेत्रात अशा देवाणघेवाणीसाठी ‘फायर’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक वापरले जाते.

हा केवळ कागदी हिशेब नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. त्यामुळे घराइतकाच कामाचा पत्ताही महत्त्वाचा असतो. हिशेब चुकला तर धुराची गाडी एका गल्लीत फिरते आणि अळ्या दुसऱ्या गल्लीतल्या पिंपात वाढत राहतात.

यात आपणही हातभार लावू शकतो. केसपेपर काढताना नाव प्रत्येक ठिकाणी एकसारखे सांगा. घरचा पत्ता द्या, कामाचे ठिकाणही सांगा. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक असेल तर तो दाखवा. जुने रिपोर्ट फेकू नका. आणि आठवड्यातून एकदा घरातली पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून कोरड्या करा. त्यासाठी आकडेवारीची वाट पाहायला नको.