तुमचा पत्ता कोणत्या पॅरिशमध्ये येतो?

इंग्लंडमध्ये राहायला आलं की पहिल्या महिन्याभरात आपण आपल्या पत्त्याबद्दल बरंच काही शिकतो. कौन्सिल कोणती, जीपी कुठला, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते. पण याच पत्त्याला आणखी एक नाव जोडलेलं असतं आणि ते सहसा कोणी सांगत नाही. ते नाव तुमच्या पॅरिशचं. लेस्टरमधलं शेअर केलेलं घर असो, हाउन्स्लोमधला फ्लॅट असो की कॉव्हेंट्रीतलं विद्यार्थ्यांचं वसतिगृह, इंग्लंडमधला जवळजवळ प्रत्येक पत्ता चर्च ऑफ इंग्लंडच्या कुठल्या ना कुठल्या पॅरिशमध्ये येतो. 'अ चर्च नियर यू' या संकेतस्थळावर पोस्टकोड टाका, तुमचीही सापडेल.

तुम्ही हिंदू असा, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती किंवा काहीच न मानणारे, त्याने उत्तर बदलत नाही. मुद्दा इथेच आहे. पॅरिश म्हणजे चर्चच्या सभासदांची यादी नव्हे. पॅरिश म्हणजे जमिनीचा तुकडा, आणि त्यावर राहणारी सगळी माणसं. वसईकडचे मराठी कॅथलिक पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात. त्यातला 'ग्राम' लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण मला त्याचं काय? त्याचं उत्तर द्यायला थोडा इतिहास पाहावा लागेल, आणि त्यात मध्येच एक ओळखीचं मराठी नाव भेटेल. (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधली व्यवस्था वेगळी आहे, म्हणून हा लेख इंग्लंडपुरता.)

शीव आखली की दोन गोष्टी होतात

इंग्लंडमध्ये गरिबांना सरकारी मदत देण्याची व्यवस्था पॅरिशमधूनच उभी राहिली. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या हद्दीतल्या गरिबांची जबाबदारी टाकली. त्यासाठी घरमालकांकडून कर गोळा व्हायचा आणि 'ओव्हरसीअर ऑफ द पूअर' नावाचे स्थानिक लोक चर्चवॉर्डनांबरोबर तो वाटायचे. म्हातारी विधवा, अनाथ पोर, हात मोडलेला मजूर यांना कोणी पोसायचं, याचं उत्तर ठरलेलं होतं: त्यांच्या पॅरिशने.

आता 'त्यांच्या' हा शब्द आला की भांडण आलंच. हा आमचा माणूस आहे हे ठरवायचं कोणी? १६६२ मध्ये सेटलमेंटचा कायदा झाला. बाहेरून आलेला माणूस उद्या आपल्या करावर बोजा होईल असं वाटलं, तर त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठवता येऊ लागलं. गरोदर अविवाहित बायकांना तर घाईघाईने हद्दीबाहेर काढलं जायचं, कारण मूल इथे जन्मलं तर ते 'आपलं' होणार आणि खर्चही आपला होणार.

म्हणजे शीव आखली की एकाच वेळी दोन गोष्टी होतात. आतल्यांची जबाबदारी ठरते आणि बाहेरच्यांना बाहेर ठेवण्याची सोय होते. आपल्याकडच्या गावकीला हे नवीन नाही. गावाची शीव होती, शिवेबाहेरचे लोक होते, आणि गावकुसाबाहेर कोणाला ठेवलं गेलं हे आपण जाणतो.

१८३४ च्या नव्या कायद्याने अनेक पॅरिशांच्या युनियन केल्या आणि गरिबांना मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये या, असा दंडक घातला. १८९४ मध्ये ग्रामीण भागातला नागरी कारभार चर्चपासून वेगळा झाला आणि निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिल आल्या. आजही गावांमध्ये 'पॅरिश कौन्सिल' असते, ती बागा, दिवे, बाकडी असल्या गोष्टी पाहते, आणि तिचा चर्चशी संबंध नसतो. या दोन पॅरिशांमध्ये गोंधळ होतो, इथल्या लोकांचाही होतो.

चर्चकडे मग काय राहिलं? कर वसूल करायचा अधिकार गेला, पण हद्द राहिली, आणि या हद्दीतली माणसं आपली, ही सवयही राहिली. त्यातून आज आपण ज्याला 'आउटरीच' म्हणतो ते घडत गेलं: शाळा, दवाखाने, आजाऱ्यांच्या घरी भेटी, आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही अशांसाठी घरं.

वॉन्टेजमध्ये रमाबाई

या कामाचा नमुना म्हणून व्हिक्टोरियन काळात एका छोट्या गावाचं नाव घेतलं जायचं. ऑक्सफर्डजवळचं वॉन्टेज. विल्यम बटलर तिथे १८४६ पासून १८८० पर्यंत व्हिकर होते. त्यांनी शाळा काढल्या, आणि १८४८ मध्ये सिस्टर्सचा एक संघ स्थापन केला. पुढे याच संघाच्या सिस्टर्स पुण्यात काम करू लागल्या. तिथे त्यांची ओळख झाली पंडिता रमाबाईंशी.

१८८३ मध्ये रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन वॉन्टेजला आल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते जमलं नाही. त्यांची तिथे राहण्याची सोय कशी झाली हे पाहण्यासारखं आहे. सिस्टर्सनी त्यांना इंग्रजी शिकवायचं आणि त्यांनी पुण्याला जाणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायचं. इंग्लंडमधल्या एका कॉन्व्हेंटमध्ये मराठीचे धडे! आश्रित म्हणून राहणं त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी देवाणघेवाण केली.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये वॉन्टेजलाच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका घराची आठवण सांगितली आहे. समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायकांना तिथे सिस्टर्स सांभाळत होत्या. अशा बायकांसाठी काही करायला हवं, त्यांना माणूस म्हणून वागवायला हवं, हे आयुष्यात पहिल्यांदा तिथे कळलं, असं त्या म्हणतात. त्या मुळात वेदशास्त्र शिकलेल्या. दुष्काळात आईवडील गमावलेल्या, देशभर पायी फिरलेल्या. त्यांना हलवून सोडलं ते एका घरातल्या रोजच्या कामाने.

पण गोष्ट इथे संपली असती तर ती प्रचारकी झाली असती. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, पण आज्ञाधारकपणा घेतला नाही. त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची कल्पना पुढे आली. भारतातल्या बिशपांनी त्याला विरोध केला. त्या रागावल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले ती दुसऱ्याच्या जोखडात मान द्यायला नव्हे, असा त्यांच्या पत्रांचा सूर आहे. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा सवाल होता. त्यांच्या ख्रिस्ती होण्यावर इकडे पुण्यात टीका होत होती आणि पुरेशा आज्ञाधारक नाहीत म्हणून तिकडे सिस्टर्स नाराज होत्या.

तिथलं काय घ्यायचं आणि काय नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढे ते पुण्याला हलवलं. नंतर केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि त्यात 'कृपा सदन' नावाचा वेगळा विभाग आला. फुलहॅममध्ये जे पाहिलं होतं, त्याचं ते पुणे जिल्ह्यातलं रूप.

चहाच्या कपाची किंमत

आता तो प्रश्न, जो अनेकांच्या मनात असतो पण विचारायला संकोच वाटतो. मदत करतात ते ठीक, पण बदल्यात काय मागतात?

हा प्रश्न जुना आहे आणि त्याला कारणं आहेत. १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहाबिस्किटं दिली गेली. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी नंतर नावं जाहीर केली आणि एका कप चहावरून पुण्यात ग्रामण्य पेटलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. १८९३ मध्ये शारदा सदनात मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. छप्पर देणारा आणि धर्म सांगणारा एकच असेल, तेव्हा छपराची गरज असलेल्याला 'नाही' म्हणता येतं का, हा प्रश्न तेव्हाही खरा होता, आजही आहे.

म्हणून आज तुमच्या पॅरिशच्या हॉलमध्ये पाऊल टाकताना हा प्रश्न बिनधास्त मनात ठेवा. प्रार्थनेला न थांबता मदत मिळते का? माझं नाव-नंबर घेताय तो कशासाठी वापरणार? सरळ विचारा. चांगल्या ठिकाणी सरळ उत्तर मिळतं.

हॉलमध्ये आज काय चालतं

रविवारची प्रार्थना तासाभराची. हॉल मात्र आठवडाभर वापरात असतो. सोमवारी छोट्या मुलांचा गट, मंगळवारी वृद्धांचं जेवण, मध्येच कोणाची योगासनं, इंग्रजी बोलण्याचा सराव, कर्जात अडकलेल्यांसाठी सल्ला. २०२२ च्या हिवाळ्यात वीज-गॅसची बिलं भडकली तेव्हा अनेक चर्चांनी 'वॉर्म स्पेस' उघडल्या: या, बसा, हीटर चालू आहे, चहा घ्या.

आणि फूड बँक. ट्रसेल या संस्थेची इथली पहिली फूड बँक सॉल्झबरीत २००० साली सुरू झाली. २०२३-२४ या वर्षात तिच्या जाळ्यातून ३१ लाखांहून जास्त पार्सलं गेली. यातल्या कित्येक फूड बँका चर्चच्या हॉलमध्ये चालतात. शिवाय स्वतंत्र फूड बँका आहेत, गुरुद्वाऱ्यांचे लंगर आहेत, मशिदींचे आणि मंदिरांचे उपक्रम आहेत.

इथे आपल्या विद्यार्थ्यांचा विषय येतो. स्टुडंट व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' अशी अट असते, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट किंवा हाउसिंग बेनिफिटसारखे सरकारी लाभ घेता येत नाहीत. १६६२ च्या कायद्याशी याचं नातं ओळखू येतं: तू इथे राहतोस, पण तू आमच्या खर्चात धरलेला नाहीस. घरभाडं भरून हातात काही उरलं नाही, पार्टटाइम काम सुटलं, घरी सांगायची लाज वाटते, आणि फूड बँकेत गेलो तर व्हिसा जाईल अशी कोणीतरी भीती घातलेली. तर स्पष्ट सांगायला हवं: फूड बँकेचं अन्न हे 'पब्लिक फंड्स'मध्ये मोडत नाही. ते घेतल्याने व्हिसाची अट मोडत नाही.

व्यवहार असा असतो. ट्रसेलच्या फूड बँकेत बहुतेक वेळा व्हाउचर लागतं. ते जीपी, सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा युनिव्हर्सिटीचा वेल्फेअर विभाग देऊ शकतो. साधारण तीन दिवस पुरेल एवढं सामान मिळतं: डबाबंद कडधान्यं, पास्ता, दूध, चहा वगैरे. शाकाहारी असाल तर आधी सांगा. स्वतंत्र फूड बँकांचे नियम वेगवेगळे, काहींना व्हाउचर लागत नाही. धर्म कोणता हे व्हाउचरवर नसतं.

घेणारे आपण, देणारेही आपण

फार थोड्यांना माहीत असलेली एक गोष्ट. दर वर्षी वसंत ऋतूत प्रत्येक पॅरिशमध्ये चर्चवॉर्डन निवडण्यासाठी पॅरिशवासीयांची सभा होते. तिथे मत देण्याचा हक्क चर्चच्या सभासदांना तर आहेच, पण पॅरिशमध्ये राहणाऱ्या आणि स्थानिक मतदार यादीत नाव असलेल्या कोणालाही आहे. धर्म विचारला जात नाही. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणारे भारतीय नागरिक मतदार यादीत नाव घालू शकतात. म्हणजे चिपळूणहून एम.एस्सी. करायला आलेली मुलगीही तिच्या पॅरिशच्या चर्चवॉर्डनसाठी मत देऊ शकते! उभं राहायचं असेल तर मात्र बाप्तिस्मा झालेला हवा. हा हक्क वापरायला कोणी जात नाही, हे खरं. पण 'इथे राहणारा तो आपला' हे तत्त्व कायद्यात अजून शिल्लक आहे, याची ही खूण.

हॉलचंही तसंच. अनेक ठिकाणी मराठी मंडळं आपले कार्यक्रम शाळांच्या किंवा चर्चच्या हॉलमध्ये करतात. भाड्याचा निर्णय त्या त्या पॅरिशची कौन्सिल घेते. नाटक, गाणं, मराठी शाळा याला सहसा अडचण येत नाही, पण पूजा, आरती करायची असेल तर परवानगी मिळेलच असं नाही. आधीच विचारा, म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी धावपळ नको.

पॅरिशांची आजची खरी अडचण माणसांची आहे. प्रार्थनेला येणारे कमी झालेत, एकेका व्हिकरकडे कित्येक पॅरिश असतात, आणि फूड बँकेत खोकी उचलणारे हात बऱ्याचदा सत्तरी ओलांडलेले असतात. शनिवारी दोन तास गेलात तर कोणी श्रद्धा विचारत बसणार नाही. स्टुडंट व्हिसावर अशी स्वयंसेवा चालते. फक्त ठरावीक तासांचं, नोकरीसारखं बिनपगारी काम असेल तर ते आठवड्याच्या कामाच्या तासांत धरलं जातं, तेवढं युनिव्हर्सिटीत विचारून घ्या.

वॉन्टेजमध्ये रमाबाई इंग्रजी शिकल्या आणि मराठी शिकवून आल्या. मदत घेताना त्यांनी मान खाली घातली नाही, आणि मदत मिळाली म्हणून प्रश्न विचारायचेही सोडले नाहीत. तुमच्या पॅरिशचा हॉल बहुधा तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बाहेरच्या फलकावर आठवड्याचं वेळापत्रक लावलेलं असतं. या आठवड्यात दुकानातून येताना थांबून ते वाचा. तुम्हाला लागेल असं त्यात काही असेल, किंवा तुम्ही देऊ शकाल असं काही.