मॅडम, ह्या शास्त्रज्ञ आहेत?

पहाटे साडेपाच. आज 28 फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. आठवीच्या मुलांना घेऊन खोडदला, तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रावरच्या विज्ञान प्रदर्शनाला जायचं आहे. ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे तुकडे, क्षार साचून बंद पडलेले ड्रिपर, व्हिनेगरची बाटली आणि तक्ता रात्रीच पिशवीत भरून ठेवले होते. डबा करता करता कालची चित्रं पुन्हा चाळली. ‘शास्त्रज्ञ काढा’, एवढंच मी वर्गात सांगितलं होतं. जवळजवळ प्रत्येक कागदावर पांढरा कोट, जाड चष्मा, विस्कटलेले केस, धूर निघणारी परीक्षानळी आणि बंद खोलीत एकटाच पुरुष.

ही चाचणी माझी नाही. डेव्हिड वेड चेंबर्स यांनी 1966 ते 1977 या काळात 4807 मुलांकडून अशी चित्रं काढून घेतली. त्यांतल्या फक्त 28 चित्रांत शास्त्रज्ञ बाई होती आणि ती सगळी चित्रं मुलींनी काढली होती. अमेरिकेत आता हे प्रमाण बरंच सुधारलं आहे. पण तिथेही लहानपणी बाई काढणाऱ्या मुली मोठ्या होतात तशा पुरुष काढू लागतात, असं दिसलं आहे. म्हणजे हे चित्र पक्कं होतं ते शाळेच्या वर्षांत, आमच्या डोळ्यांसमोर.

सकाळी आठ. गाडी नारायणगाव सोडून पूर्वेला वळली. वाटेत मुलांना कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. 1933 साली, तेव्हाच्या कमला भागवत, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या आणि ‘मुलगी’ म्हणून त्यांना नकार मिळाला. नकार देणारे होते सी. व्ही. रामन. त्यांच्याच शोधाच्या स्मरणार्थ आपण आजचा दिवस पाळतो. कमलाबाई हटल्या नाहीत. अटी सोसून त्यांनी प्रवेश मिळवला, काम करून दाखवलं आणि 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. गोष्टीतून रामन यांचं नाव गाळावं असं मला कधीच वाटलं नाही. थोर माणसाचं चुकलेलंही मुलांना कळायला हवं.

नऊच्या सुमारास दुर्बिणीच्या तबकड्या दिसू लागल्या. इथल्या पोरांना त्यांचं नवल नाही, शेतात जाता-येता त्या दिसतातच. एकूण तीस, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. चौदा मध्यभागी एकमेकींजवळ, बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभी केली ती पोलादी तारांची जाळी दोरांवर ताणून. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला. वारा फारच वाढला की तबकड्या आभाळाकडे तोंड करून थांबवतात. मोबाइल बंद ठेवायला सांगितलं तेव्हा मुलं कुरकुरली. आकाशातून येणारे रेडिओ संकेत इतके क्षीण असतात की आपल्या फोनचा गोंगाट त्यांना बुडवून टाकतो, हे कळल्यावर सगळ्यांनी आपणहून बटणं दाबली.

साडेदहा. प्रदर्शनात आमचं टेबल लागलं. विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांनी बुजलेले ड्रिपर व्हिनेगरने मोकळे होतात की लिंबाच्या रसाने, किती वेळात, हा आमचा प्रयोग. परीक्षक आले, तसा वर्गातला बोलका मुलगा पुढे सरसावला आणि घडाघडा सांगू लागला. घड्याळ लावून नोंदी घेतलेली मुलगी मागे उभी. वडिलांच्या शेतातल्या नळ्या तिनेच कापून आणलेल्या. मी मध्ये पडले, “वेळ कोणी मोजली ते विचारा सर.” ती पुढे आली. आधी आवाज फुटेना. मग तिने वहीच उघडली आणि लिंबू मागे का पडलं ते शांतपणे समजावलं. परीक्षकांना तिच्या कारणात शंका होती, त्यांनी उलट प्रश्न विचारले. ती अडली, पण मागे सरली नाही. आजच्या दिवसात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे.

दुपारी एक. जेवणाच्या वेळी शेजारी एक संशोधक बसली होती. साधा कुडता, पायात चपला, हातात पोळीभाजीचा डबा. “मॅडम, ह्या शास्त्रज्ञ आहेत?” एकाने माझ्या कानात विचारलं. “त्यांनाच विचार,” म्हटलं. मग प्रश्नांची झड लागली. दिवसभर काय करता? संगणकासमोर बसते, आलेल्या नोंदींतून खोटे संकेत वेचून बाजूला काढते, सहकाऱ्यांशी वाद घालते. तबकडीच्या मोटारीला तेलपाणी करणारे दादा शास्त्रज्ञ का? “त्यांच्याशिवाय माझं एक निरीक्षण होणार नाही,” ती म्हणाली. आणि मग तो प्रश्न आला, ज्याची मी वाट पाहत होते: “मराठी शाळेतून शिकलं तर चालतं का?” ती म्हणाली, “मीही मराठी शाळेतलीच. इंग्रजी कच्चं होतं, वाचत वाचत सुधारलं. गणित मात्र सोडू नका.”

मुलांना विज्ञान आवडत नाही असं बैठकांतून ऐकते, तेव्हा मला राग येतो. त्यांना ते आवडतं. आपल्यासारखं कोणी ते करतं, हे त्यांनी पाहिलेलं नसतं. शिवाय फी, वसतिगृह, मुलीला लांब पाठवायची भीती हे अडसर खरे आहेत आणि एका सहलीने ते हटत नाहीत.

संध्याकाळी सहा. सगळी मुलं घरी पोचल्याचे फोन घेतले. बक्षीस मिळालं नाही. उद्या लिंबाचा प्रयोग पुन्हा करायचा आहे, रस गाळून घेऊन. ती मुलगी तसं सांगूनच घरी गेली.

प्रयोगशाळेत, वेधशाळेत, कृषी संशोधन केंद्रात काम करणाऱ्या वाचकांना एक विनंती. वर्षातून एक दिवस आपल्या गावच्या शाळेत या. भाषण नको. रोज काय करता, काय बिघडतं, ते सांगा, आणि पहिला प्रश्न मागे बसलेल्या मुलीला विचारू द्या.