मागच्या माइकवर

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचं 'गिमी शेल्टर' हे गाणं हेडफोन लावून ऐका. साधारण तिसऱ्या मिनिटापाशी एका बाईचा आवाज वर चढतो, आणखी चढतो आणि ऐन टोकाला फाटतो. ती थांबत नाही. फाटलेल्या आवाजानेच पुन्हा तिथे झेप घेते. कान देऊन ऐकलं तर तिच्या मागे मिक जॅगरच्या तोंडून सुटलेली दादही ऐकू येते. ती दाद तशीच राहू दिली हे फार बरं झालं. एका गायकाने दुसऱ्या गायकाला दिलेली इतकी खरी दाद मी दुसऱ्या कुठल्या ध्वनिमुद्रिकेत ऐकलेली नाही.

ही बाई म्हणजे मेरी क्लेटन. साल १९६९, शहर लॉस एंजेलिस, तिचं वय वीस. रात्री बारा वाजायच्या सुमाराला संगीत संयोजक जॅक निट्शे यांचा फोन आला. इंग्लंडहून काही मुलं आली आहेत, त्यांना एका बाईचा आवाज हवाय, ताबडतोब ये. मेरी गरोदर होती, केसांना कुरळे करायचे रोलर लावून झोपायच्या तयारीत होती. नवरा कर्टिस एमी स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा, त्याने आग्रह केला. रेशमी पायजम्यावर कोट चढवून आणि रोलरवर स्कार्फ बांधून ती गेली. शब्द हातात आल्यावर तिने आधी ते कशाबद्दल आहेत हे विचारून घेतलं, मग गायली. आणखी एकदा म्हटल्यावर तिने ठरवलं, आता पट्टी वर न्यायची आणि यांना थक्क करून सोडायचं. तो फाटलेला स्वर त्याच हट्टातून आला. काम संपवून ती घरी गेली. पुढे तिचं ते मूल राहिलं नाही, आणि मग कितीतरी काळ तिला हे गाणं ऐकवेना. 'लेट इट ब्लीड' हा अल्बम डिसेंबर १९६९ मध्ये बाजारात आला, त्यावर तिच्या नावाचं स्पेलिंग चुकीचं छापलं होतं.

मी स्वतः मुंबईत बरीच वर्षं कोरसमध्ये गायले. चित्रपटगीतं, जिंगल्स, भक्तिगीतांच्या कॅसेटी, जे येईल ते. त्यामुळे अमेरिकेतल्या मागे गाणाऱ्या बायकांची हकिकत वाचताना मला ती परकी वाटत नाही. रॉक अँड रोलशी माझा काही संबंध नाही, पण मागच्या माइकवर उभं राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

बाहेरून वाटतं, पुढे गायक गातोय आणि मागे तिघी जणी 'ऊ' नि 'आ' करताहेत, त्यात काय मोठंसं. पण तो 'आ' तिघींच्या तोंडून एकसारखा यावा लागतो. एकीचा जरा 'ऑ'कडे झुकला, तर सूर बरोबर असूनही कानाला खटकतं. शब्दाच्या शेवटी 'स' असेल तर तो एकीनेच उच्चारायचा, बाकीच्यांनी गिळायचा. लांब स्वर असेल तर श्वास आळीपाळीने घ्यायचा, म्हणजे तो कुठे तुटत नाही. आवाजातला कंप सगळ्यांनी सारखा ठेवायचा नाहीतर सगळ्यांनीच काढून टाकायचा. जिचा आवाज टोकदार तिने माइकपासून एक पाऊल मागे उभं राहायचं, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. हेडफोनची एक बाजू कानावरून थोडी सरकवायची, म्हणजे शेजारणीचा खरा आवाज मिळतो. आम्ही तर माइकपाशी जाण्याआधी बांगड्या उतरवून पर्समध्ये टाकायचो. एकाच वेळी सगळे वाजवायचे-गायचे त्या काळात कोरसमधल्या एकीचं काकण किणकिणलं, तर अख्ख्या ताफ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

मला सगळ्यांत जड गेली ती हार्मनी. आपल्या गाण्यात सगळे एकच चाल धरतात, कानाला तीच सवय. हार्मनीत शेजारी मुख्य चाल चालू असते आणि आपण वेगळ्या स्वरावर पाय रोवून उभं राहायचं असतं, तिच्याकडे ओढलं जायचं नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलींना हे कुणी शिकवावं लागलं नाही. त्या चर्चमध्ये वाढल्या. मेरीचे वडील न्यू ऑर्लिन्समध्ये धर्मोपदेशक होते, आणि जिच्याकडे मी आता वळणार आहे त्या डार्लीन लव्हचेही वडील धर्मोपदेशकच. वारकरी भजनात पुढचा चाल सांगतो आणि मागचे टाळकरी ध्रुपद उचलून धरतात, तसंच त्या चर्चमध्ये एक हाक घालतो आणि सगळी मंडळी उत्तर देतात. पाच-सहा वर्षांची पोर त्या उत्तरात आपला स्वर आपोआप शोधते. रॉक अँड रोलने हीच हाक आणि हेच उत्तर उचलून रेकॉर्डवर आणलं, आणि उत्तर द्यायला त्याच मुलींना बोलावलं.

डार्लीनचं मूळ नाव डार्लीन राइट, जन्म १९४१ चा. 'द ब्लॉसम्स' या तिघींच्या गटात ती गायची. हॉलिवूडमध्ये तोवर मागे गायला प्रामुख्याने स्वरलिपी वाचून गाणारे गोरे गायक बोलावले जात. ब्लॉसम्सनी तिथे पाय रोवला, कारण हव्या त्या शैलीत, हव्या त्या रंगाचा आवाज त्या देऊ शकत होत्या. १९६२ मध्ये निर्माता फिल स्पेक्टरला 'ही'ज अ रेबेल' हे गाणं दुसऱ्या कुणाच्या आधी बाजारात आणायचं होतं. त्याचा 'द क्रिस्टल्स' हा गट देशाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याने गाणं डार्लीन आणि ब्लॉसम्सकडून गाऊन घेतलं आणि रेकॉर्डवर क्रिस्टल्सचं नाव घातलं. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्या मुलींचं नाव होतं त्यांना स्वतःचं म्हणून गाजलेलं ते गाणं शिकून मंचावर गावं लागलं, आणि जिने गायलं तिला ठरलेल्या रकमेपलीकडे काही मिळालं नाही. यात क्रिस्टल्सवरही अन्यायच झाला, हे सहसा कुणी बोलत नाही.

पुढच्या वर्षी तिच्या स्वतःच्या नावावर नाताळचं एक गाणं निघालं. ते असलेला अल्बम नेमका २२ नोव्हेंबर १९६३ रोजी बाजारात आला. त्याच दिवशी केनेडींची हत्या झाली. त्या वर्षी नाताळची गाणी ऐकायच्या मनःस्थितीत कोण होतं? नंतर एल्व्हिस प्रेस्लीपासून कितीतरी जणांच्या मागे ती गायली, पण १९८० च्या सुमाराला काम आटलं आणि तिने बेव्हर्ली हिल्समध्ये घरं साफ करायची नोकरी धरली. एका घरात न्हाणीघर घासत असताना रेडिओवर तेच नाताळचं गाणं लागलं, तिच्याच आवाजात. त्या क्षणी आपण पुन्हा गायचं असं तिने ठरवलं. ती न्यूयॉर्कला गेली. १९८६ पासून २०१४ पर्यंत डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात नाताळच्या वेळी ते गाणं तिने गायचं हा रिवाजच पडून गेला. १९९० च्या दशकात तिने स्पेक्टरवर दावा लावून थकलेल्या मानधनापोटी अडीच लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळवली. २०११ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं.

लंडनमधल्या क्लेअर टोरीची गोष्ट वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. २१ जानेवारी १९७३, रविवार. पिंक फ्लॉइड या बँडला 'द ग्रेट गिग इन द स्काय' या रचनेसाठी आवाज हवा होता. शब्द नव्हते, चालही नव्हती, फक्त बँडमधल्या रिचर्ड राइटच्या पियानोचे स्वरमेळ होते. काय गायचं हे बँडलाही सांगता येईना. क्लेअरने ठरवलं, आपण आवाज नसून एक वाद्य आहोत असं समजायचं. दोन पूर्ण टेक आणि एक अर्धवट. ती बाहेर आली ती ओशाळून, फार आरडाओरडा केला म्हणून माफी मागत. रविवारचा दुप्पट दर धरून तीस पौंड मिळाले. 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक झाला. अखेर २००४ मध्ये ती न्यायालयात गेली. तिचं म्हणणं सरळ होतं: चाल मला कुणी दिली नव्हती, ती मी तिथल्या तिथे रचली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्या रचनेच्या संगीतकारांत तिचं नाव आलं. उपज अंगाने गाणाऱ्या कुणालाही तिचा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. दिलेल्या आराखड्यात स्वर भरणं ही रचनाच असते.

या साऱ्यावरून मागे गाणारी प्रत्येक जण पुढे यायला तळमळत असते असं समजू नका. लिसा फिशरला स्वतःच्या गाण्यासाठी १९९२ मध्ये ग्रॅमी मिळालं. एकल कारकीर्द समोर उभी होती, तरी ती गायक ल्यूथर व्हँड्रॉसच्या आणि रोलिंग स्टोन्सच्या मागे गात राहिली. १९८९ पासून पंचवीसहून अधिक वर्षं ती स्टोन्सबरोबर फिरली, आणि मेरीचं ते 'गिमी शेल्टर' मंचावर कितीतरी वर्षं तीच गायची. मला तिची निवड पटते. तीन आवाज जुळून चौथाच आवाज तयार होतो तेव्हा जे सुख मिळतं ते एकट्याने गाताना मिळत नाही. पुढे जायचं नाही म्हणजे जमत नाही, असा अर्थ लोक का काढतात कुणास ठाऊक. मॉर्गन नेव्हिल यांचा 'ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम' हा २०१३ चा माहितीपट मेरी, डार्लीन, लिसा अशा मागे गाणाऱ्यांवर आहे. त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हा डार्लीन मंचावर जाऊन गायली. संधी मिळाली तर जरूर पाहा.

मेरीचे स्वतःचे अल्बम चांगले होते, पण फारसे खपले नाहीत. २०१४ मध्ये मोटार अपघातात तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. शुद्धीवर आल्यावर तिने आवाजाला काही झालं नाही ना, एवढंच विचारल्याचं सांगतात. २०२१ मध्ये तिचा 'ब्यूटिफुल स्कार्स' हा गॉस्पेल अल्बम आला.

आता पैशाबद्दल. अमेरिकेत इंटरनेट रेडिओसारख्या सेवांकडून कायद्याने जी रॉयल्टी येते, तिच्यातला पाच टक्के वाटा मागच्या कलावंतांसाठी राखलेला आहे: अडीच टक्के वादकांना, अडीच टक्के गायकांना. वाटा लहान आहे, पण आहे. मात्र तो पोचवायचा तर रेकॉर्डिंगला कोण उभं होतं याची नोंद लागते. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गायकांच्या रॉयल्टीचा हक्क बळकट झाला. त्याच दुरुस्तीत एक कलम असंही आहे की चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं असतं आणि व्यवसायाच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला एखादा अपवाद सोडता कायदा कलाकार मानतच नाही. माझ्या घरी अशा कॅसेटी आहेत ज्यांच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रकाच्या मदतनिसापर्यंत सगळ्यांची नावं आहेत आणि आम्हा सहा जणींपैकी एकीचंही नाही. त्या वेळी आम्ही व्हाउचरवर सही केली, पैसे घेतले आणि लोकल पकडली. नाव छापा असं म्हणायचं आम्हाला सुचलं नाही, आणि म्हटलं असतं तर पुढचं बोलावणं आलं नसतं.

म्हणून माझी विनंती आहे, विशेषतः आज घरच्या घरी गाणी करून प्रसिद्ध करणाऱ्या तरुण संगीतकारांना. कोरस गाणाऱ्यांची नावं रेकॉर्डिंगच्या दिवशीच लिहून घ्या, स्पेलिंग त्यांनाच विचारा आणि गाण्याबरोबर ती प्रसिद्ध करा. याला एक रुपयाही खर्च येत नाही.