सोललं ते चामडं नव्हे

उन्हाळ्यात पुण्याहून साताऱ्याला गाडी चालवत गेलो. उतरल्यावर हात पुसायला गेलो, तर उजव्या अंगठ्याच्या बुडाशी काळे कण चिकटलेले दिसले. गाडी बारा वर्षांची. घड्याळात दोन ते चार वाजतात तेवढा स्टिअरिंगचा उजवा भाग आधी चकचकीत झाला, मग चिकट, आणि आता त्याची सालं निघू लागली होती. डावी बाजू त्या मानाने चांगली होती. आपल्याकडच्या गिअरच्या गाड्यांत डावा हात घडीघडी गिअरकडे जातो. उजवा हात मात्र स्टिअरिंग सोडत नाही. घाम, तेल, नखं, अंगठी, खिडकीतून येणारं ऊन, सगळं त्याच बाजूच्या वाट्याला येतं.

ज्याने ज्याने पाहिलं त्याने एकच सांगितलं, चामडं संपलंय, वरून कव्हर चढवा. मला ते पटेना. निघालेलं एक साल भिंगाखाली धरलं. ते वरून काळं, खालून करडं, आणि केसापेक्षा जाड नसलेलं निघालं. ओढलं की ताणायचं, सोडलं की आक्रसायचं. चामड्याचा तुकडा असा वागत नाही. स्टिअरिंगवर जिथून ते साल निघालं होतं, तिथे निळसर राखाडी, लवदार, तंतूंनी भरलेला पृष्ठभाग दिसत होता. तो होता चामड्याचा. सोलला होता तो त्याच्यावरचा रंग.

गाडीतल्या बहुतेक चामड्याला आपला हात खऱ्या अर्थाने लागतच नाही. एक-सव्वा मिलिमीटर जाडीच्या चामड्यावर रंगद्रव्याचा थर असतो आणि त्यावर पारदर्शक पॉलियुरेथेनचा. दोन्ही मिळून काही दशांश मिलिमीटरसुद्धा भरत नाहीत. आपण वर्षानुवर्षं घासतो ते हे पातळ प्लास्टिक. कोल्हापुरी चपलेचं चामडं उघडं असतं. ते तेल पितं, पाणी पितं, पायाच्या आकाराचं होतं. स्टिअरिंगच्या चामड्याने मात्र रेनकोट घातलेला असतो. म्हणून चपलेला जसं तेल चोळतात तसं खोबरेल स्टिअरिंगला चोळणं व्यर्थ आहे. ते आत पोचत नाही, वर बसून धूळ धरतं, आणि पुढे दुरुस्ती करायची म्हटली की नव्या रंगाला चिकटू देत नाही.

त्या रेनकोटाखालचा माल मोठा नामी आहे. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळून या प्रथिनाचा दोर होतो. ही तीन पेडांची रचना आपल्याच देशात उलगडली. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली ती ‘नेचर’मध्ये मांडली आणि पुढच्या वर्षी सुधारली. साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असतं. तिन्ही पेडांच्या मधोमध जागाच इतकी कमी असते की दुसरं काही तिथे मावत नाही. विद्यापीठाच्या शेजारीच १९४८मध्ये केंद्रीय चर्मसंशोधन संस्था उभी राहिली होती आणि कोलॅजनचे नमुने मिळवायला हा शेजार कामी आला. चामड्याची संस्था आणि जैवरसायनशास्त्रातला एक मोठा शोध यांचं हे नातं आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कच्चं कातडं ओलं ठेवलं तर सडतं, वाळवलं तर फळीसारखं होतं. ओलं असताना साठ-पासष्ट अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं, तर दोराचा पीळ सुटतो आणि ते आक्रसून गोळा होतं. कमावणं म्हणजे या दोरांना एकमेकांशी बांधून टाकणं. बाभळीची साल आणि हिरडा यांतली टॅनिनं ते काम करतात. कोल्हापुरीचं चामडं पिढ्यान्‌पिढ्या असंच कमावलं गेलं. ज्या समाजांनी हे शास्त्र हाताच्या बोटांवर जपलं त्यांना त्याबद्दल मान मिळाला नाही, उलट गावाबाहेर राहावं लागलं. ही खंत या विषयावर लिहिताना बाजूला ठेवता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची रीत आली. क्रोमियम कोलॅजनवरच्या आम्लगटांना धरून शेजारच्या साखळ्या जोडतो. असं चामडं उकळत्या पाण्यातही टिकू शकतं. कमावल्यावर त्याला निळसर छटा येते. माझ्या स्टिअरिंगवर दिसलेला निळा राखाडी रंग बहुधा तोच असावा. गाड्यांच्या चामड्यात आता क्रोमविरहित पद्धतीही बऱ्याच वापरतात. ते चामडं ओल्या उष्णतेत क्रोमच्या चामड्याइतकं टिकत नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

मग रेनकोट फाटतो कशाने? नुसत्या घासण्याने नाही. ताजा घाम किंचित आम्लधर्मी असतो. त्वचेवरचे जिवाणू त्यातला युरिया फोडून अमोनिया तयार करतात आणि शिळा घाम अल्कधर्मी होतो. कापडाचा रंग घामाने उतरतो का, हे तपासायच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत म्हणूनच दोन कृत्रिम घाम वापरतात. एकाचा सामू ५.५, दुसऱ्याचा ८. दोन्हींत मीठ आणि हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल. स्टिअरिंगला हे दोन्ही घाम आलटूनपालटून मिळतात. तळहाताला तेलग्रंथी नसतात, पण चेहऱ्यावरून, केसांवरून हात फिरतोच. ते तेल प्लास्टिकच्या थरात हळूहळू मुरतं आणि तो मऊ पडतो. चिकटपणा येतो तो इथून. सनस्क्रीन आणि डास पळवणारी मलमं यात भर घालतात. २०२०नंतर हातांवर सॅनिटायझर आला. त्यातलं सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल हातावर वाळण्याआधी स्टिअरिंग धरलं, की रंगाच्या थराला ते फुगवतं. अनेक स्टिअरिंगांचं वय त्या दोन वर्षांत झरझर वाढलं असावं.

रंग गेला आहे, पण खालचे तंतू तुटलेले नाहीत, अशी अवस्था असेल तर चामडं फेकू नये. सौम्य साबणाच्या फेसाने आणि मऊ ब्रशने मळ काढायचा. सोडा किंवा अमोनियाचा क्लीनर नको, कारण कमावलेलं चामडं आम्लधर्मी असतं आणि अल्कली त्याची बांधणी सैल करते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने तेल आणि जुनं पॉलिश पुसायचं. ज्या अल्कोहोलला आत्ता दोष दिला तेच इथे औषध होतं, कारण आता जुना सैल थर जायलाच हवा आहे. सहाशे नंबरच्या पॉलिशपेपरने कडा उतरवून हजारने गुळगुळीत करायचं. खड्ड्यांत लवचीक फिलर भरायचं आणि पाण्यात मिसळणारा चामड्याचा रंग स्पंजने टिपत लावायचा. थर पातळ हवेत, चार-पाच हवेत, आणि प्रत्येक वाळू द्यायला हवा. जाड थराची वरची साय आधी धरते, आतलं पाणी अडकतं, आणि मग तडे जातात. शेवटच्या पारदर्शक थरात हार्डनर घालतात. तो रंगाच्या सुट्या साखळ्यांना एकमेकींशी जोडून जाळी करतो. कमावताना कोलॅजनचं जे होतं तेच इथे प्लास्टिकचं होतं. ही जाळी नसेल तर नवा रंग पुढच्या मे महिन्यात पुन्हा हाताला लागतो.

रेक्झिनचं स्टिअरिंग मात्र असं वाचत नाही. सोललेल्या जागी तंतूंच्या ऐवजी कापडाची वीण दिसली की ओळखावं. काही प्रकारच्या पॉलियुरेथेनला दमट हवेतलं पाणीच तोडतं, आणि मुंबई-कोकणात ते लवकर घडतं. त्याला नवं चामडं हाच उपाय.

माझ्या स्टिअरिंगवरही तीन बोटं रुंदीची एक जागा पार उसवून फाटली होती. म्हणून मी नाना पेठेतल्या एका कारागिराकडे गेलो, आणि त्याच्याशेजारी बसून गणितातला एक जुना सिद्धान्त डोळ्यांनी पाहिला.

स्टिअरिंगची रिम म्हणजे मोठा मेदुवडा. त्यावर चपातीसारखं सपाट चामडं सुरकुती न पडता गुंडाळायचं आहे. समजा बाहेरचा व्यास ३७ सेंटिमीटर आणि रिमची जाडी ३. बाहेरचा परीघ ११६ सेंटिमीटर भरतो, आणि आतल्या कडेचा फक्त ९७. एकाच पट्टीला एका बाजूला जवळजवळ १९ सेंटिमीटर जास्त अंतर पार करायचं आहे. कागदाने हे अशक्य आहे. का अशक्य, हे गाउसने १८२७ साली दाखवलं. ताणल्या-दाबल्याशिवाय नुसतं वाकवून कुठल्याही पृष्ठभागाची अंगची वक्रता बदलता येत नाही. सपाट पट्टीची वक्रता शून्य. मेदुवड्याच्या बाहेरच्या अंगाची वक्रता चेंडूसारखी, भोकाकडच्या अंगाची खोगिरासारखी. म्हणजे पट्टी बाहेर ताणली गेली पाहिजे आणि आत दाबली गेली पाहिजे, दुसरा मार्ग नाही.

चामड्याला हे जमतं कारण त्याचे तंतू कापडासारखे उभे-आडवे विणलेले नसून तिन्ही दिशांना गुंतलेले असतात. तरी सगळीकडे ते सारखं ताणत नाही. पाठीच्या कण्याजवळचं घट्ट असतं, पोटाकडचं सैल. कारागिराने कातड्यावर हात फिरवला, दोन-तीन ठिकाणी चिमटीत धरून ओढून पाहिलं आणि मगच साचा ठेवला. रिमची गोलाई भरते त्याहून काही मिलिमीटर कमी रुंदीची पट्टी त्याने कापली. मी विचारलं, कमी पडणार नाही का?

“बरोबर मापाची कापली तर महिन्याभरात फिरायला लागेल, साहेब. कमी पडली पाहिजे.”

पट्टी त्याने ओलसर केली. पाणी तंतूंच्या मध्ये शिरलं की ते एकमेकांवरून सरकतात, ताण घेतात. वाळताना पाणी निघून जातं आणि तंतू नव्या जागी धरून बसतात. या टप्प्यावर घाईने हीट गन मारणारे असतात. ओल्या कच्च्या कातड्याचा पीळ किती अंशांना सुटतो ते वर आलंच आहे. क्रोमविरहित चामडं असेल आणि हीट गनची हवा शेकडो अंशांची, तर ते कायमचं आक्रसून कडक होतं. या माणसाने ते यंत्र बाहेर काढलंच नाही. पंख्याखाली रात्रभर ठेवलं.

शिवण नेहमी आतल्या, खोगिरासारख्या अंगावर येते. तिथे चामडं जास्तीचं असतं आणि टाके ते थोडंथोडं गिळत जातात. अर्धा सेंटिमीटरवर एक भोक धरलं, तर प्रत्येक कडेला दोनशेच्या आसपास भोकं होतात. दोन्ही कडांची संख्या जुळावी लागते, नाहीतर शेवटी पीळ पडतो. आधी आरीने सगळी भोकं, मग मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा आणि दोन सुया. सुती दोरा घामाने कुजतो. प्रत्येक टाक्याला कारागीर दोरा एकसारख्या ताणाने खेचत होता. ताणाचा अंदाज बोटांतच होता, मापायला काही नव्हतं.

एका बाबतीत मी कुणालाही घरी हात घालू नका म्हणेन. आपल्याकडे जुलै २०१९पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. ती स्टिअरिंगच्या मधोमध असते आणि सेकंदाच्या काही शतांशांत फुगते. बॅटरीची तार काढल्यावरही तिच्या यंत्रणेतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज उरते, म्हणून थांबूनच पुढचं काम करायचं असतं. ते जाणकारानेच करावं. आणि एअरबॅगच्या झाकणावर चामडं, रंग, स्टिकर काहीही चढवू नये. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटायला बनवलेलं असतं. बाजारातली सैल कव्हरंही मला मान्य नाहीत. वळणावर कव्हर हाताबरोबर फिरतं आणि चाक जागेवर राहतं.

दुसऱ्या दिवशी गाडी घेतली. शिवण अंगठ्याला लागत होती, पण टोचत नव्हती. एवढ्या टाक्यांची शेवटची गाठ त्याने कुठे मारली हे मी दोन दिवस बोटांनी चाचपत होतो. ती खालच्या स्पोकच्या मागे सापडली, चामड्याच्या दोन कडांच्या मधे दाबलेली, ज्वारीच्या दाण्याहून लहान.