झाडं जिथं थांबतात

हिमालयात जाऊन आलेला माणूस शिखरांच्या गोष्टी सांगतो. मी ऐकणाऱ्याला शिखराच्या बरंच खालीच अडवतो आणि तिथल्या गवताबद्दल बोलत बसतो. माझ्या घरच्यांना याची आता सवय झाली आहे.

हिंगोलीच्या माणसाला हे शोभतंही. आमच्याकडे डोंगर म्हणायचे ते औंढ्याभोवतीच्या आणि सेनगाव-कळमनुरीकडच्या बसक्या टेकड्यांना. बाकी सगळा माळ. कुसळी, पवन्या, मारवेल ही आमची वनश्री. ती श्रावणात हिरवी असते, दिवाळीला पिवळी पडते आणि होळीपर्यंत जनावरांच्या पोटात तरी जाते नाहीतर वणव्यात. असा माळ तुडवत लहानाचा मोठा झालेला माणूस गढवालात पोचला की तो चौखंबा शिखराच्या बर्फाने हरखतो हे खरंच. पण त्याच्या ओळखीची गोष्ट बर्फाखाली पसरलेली असते. जंगल संपतं आणि बर्फ सुरू होतो त्यांच्या मधल्या पट्ट्यात एक अफाट हिरवं कुरण असतं. गढवाली लोक त्याला बुग्याळ म्हणतात. युरोपातल्या आल्प्सवरची जी कुरणं सिनेमात पाहून आपण उसासे टाकतो, त्यांचं हे आपल्या देशातलं भावंड. माझ्या मते अधिक देखणं.

तिथं जाण्याचा आमचा मार्ग ठरलेला. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून हरिद्वार-ऋषिकेश, मग देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, ऊखीमठ असं करत चोपता. (सचखंड पुढे अमृतसरला जाते. आमच्या नर्सीचे नामदेव महाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची 61 पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि 2015 साली अख्खं मराठी साहित्य संमेलन त्यांच्या मागोमाग घुमानला गेलं. उत्तरेकडे चालत सुटण्याची खोड या मातीत जुनीच आहे, असं मी घरी सांगतो. त्याने रजा मिळत नाही, पण वाद मिटतो.)

इतिहास लवकर उरकतो. 1907 साली टॉम लाँगस्टाफ 7,120 मीटर उंचीच्या त्रिशूलवर चढला. 1936 मध्ये टिलमन आणि ओडेल यांनी 7,816 मीटरची नंदादेवी सर केली. मराठी माणसाने एव्हरेस्टचा माथा गाठला तो 1998 मध्ये, सुरेंद्र चव्हाण यांच्या रूपाने. 2012 साली पुण्याच्या गिरिप्रेमीची मोहीम उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली तिथं पोचली. आपल्यासारख्या सामान्यांना हिमालय दाखवला तो यूथ हॉस्टेलच्या सार पाससारख्या स्वस्त ट्रेकनी. पन्नाशीच्या कुठल्याही मराठी ट्रेकरला विचारा, कसोलच्या तळावरचा एखादा किस्सा निघतोच.

आता मूळ वाटेवर. चोपता साधारण 2,700 मीटरवर आहे. तिथून साडेतीन किलोमीटरवर तुंगनाथ, पंचकेदारांपैकी सर्वांत उंचावरचं मंदिर, 3,680 मीटर. त्याच्या वर दीड किलोमीटरवर चंद्रशिला, चार हजारांच्या आसपास. आपलं कळसूबाई 1,646 मीटर आहे, म्हणजे चोपत्यात बसमधून उतरतो तेव्हाच आपण महाराष्ट्राच्या छपरापेक्षा हजार मीटर वर असतो. वाट फरसबंदी आहे, नवख्यालाही झेपते, आणि गिर्यारोहक मंडळी तिला ट्रेक म्हणायलाही तयार नसतात. नसू देत.

या वाटेवर मी पाहतो ती झाडं. खालून येताना आधी बांज हा ओक लागतो, मग मोरू, मग खरसू. तिघंही ओकच, पण प्रत्येकाने आपली उंची वाटून घेतलेली. बुरांस या फुलझाडाचंही तसंच. खाली त्याची फुलं रक्तासारखी लाल, वर चढावं तशी गुलाबी, फिकी. एप्रिलमध्ये हे जंगल पेटल्यासारखं दिसतं. आमच्या पळसाने मनावर घेतलं तरच तो याच्या पंगतीला बसेल. आणखी वर बुरांसची एक बुटकी जात आडवी, वाकडी वाढते, फांद्या उताराच्या दिशेने झुकलेल्या. हिवाळाभर अंगावर पडलेल्या बर्फाने तिला तसं वळण लावलेलं असतं. आणि मग साधारण 3,300 मीटरच्या पुढे पाच-पन्नास पावलांत झाडं संपतात. पुढे उघडा, हिरवा उतार.

झाडं तिथंच का थांबतात? माझी बरीच वर्षं या प्रश्नामागे गेली. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. हिंगोली साडेचारशे मीटरवर आहे, म्हणजे नुसत्या उंचीच्या हिशेबाने तुंगनाथ आमच्यापेक्षा वीस-एकवीस अंशांनी थंड. पण थंडीने झाड मरतं म्हणून जंगल संपतं, हे उत्तर पुरं नाही. ही झाडं हिवाळ्यात शून्याखालचं बरंच काही सोसतात. बाझल विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टियान कोर्नर यांनी जगभरातल्या पर्वतांवर ही रेघ तपासली. वाढीच्या मोसमाचं सरासरी तापमान सुमारे सहा-साडेसहा अंशांवर आलं की बहुतेक ठिकाणी झाडं थांबतात, मग तो पर्वत आल्प्समधला असो, अँडीजमधला की हिमालयातला. कारण मोठं गमतीचं आहे. एवढ्या थंडीतही पानं उन्हात साखर बनवत राहतात. अडतं ते त्या साखरेपासून नवं लाकूड, नवी मुळं बांधण्याचं काम. माल आहे, पण गवंडी गारठलेत.

मग गवत कसं जगतं? ते उंच होण्याचा हट्ट सोडतं म्हणून. झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, त्याला हवेइतकीच ऊब मिळते. जमिनीला चिकटलेलं रोप मात्र उन्हात तापलेल्या मातीची ऊब धरून ठेवतं. दुपारी त्याच्या पानांपाशी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापमान असतं. बर्फ वितळला की प्रिम्युलाचे जांभळे गेंद बोटभर दांड्यावर येतात, पावसाळ्यात पोटेंटिला आणि जिरॅनियम. याहून वरच्या दगडधोंड्यांत फेनकमळ नावाचं एक रोप पांढऱ्या लोकरीत स्वतःला गुंडाळून घेतं. दगडांच्या फटीत पिका धावतो. दिसायला उंदीर, कुळाने सशाचा भाऊबंद. आणि नशीब असेल तर मोनाल पक्षी, ज्याच्या अंगावर मोराने विसरलेले सगळे रंग आहेत.

या गवताशी आपला संबंध नाही असं समजू नका. आमच्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात कुटकी, अतिविष, जटामांसी पुड्यांत मिळतात. त्या हिमालयाच्या याच उंचीवरच्या मुळ्या. वर्षानुवर्षं त्या उपटून नेल्याने रानात दुर्मीळ झाल्या आहेत. श्रीनगरच्या गढवाल विद्यापीठाची उंचावरच्या वनस्पतींवर काम करणारी संस्था त्यांची लागवड शेतकऱ्यांच्या वावरात व्हावी म्हणून खटपट करते. तिचं एक केंद्र तुंगनाथजवळच आहे. येणारे-जाणारे त्याच्याकडे न पाहता पुढे जातात.

एकदा मी बुग्याळाचे फोटो सेनगावकडच्या एका मेंढक्या काकांना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "गवत तर लई हाय, सर. मेंढरं कुटं गेली?" याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. बुग्याळ म्हणजे चराईची जागा. उन्हाळ्यात मेंढपाळ, म्हशीवाले गुज्जर आणि खालच्या गावातले लोक जनावरं घेऊन वर चढतात, छानीत, म्हणजे तिथल्या झोपड्यांत, राहतात, थंडी पडू लागली की उतरतात. आपला धनगर पावसाच्या मागेपुढे आडवा फिरतो, तिकडचा उभा. दयारा बुग्याळावरून जनावरं घेऊन उतरण्याच्या सुमारास, ऑगस्टमध्ये, रैथलचे गावकरी तिथं लोणी आणि ताकाची होळी खेळतात. रंगाऐवजी एकमेकांच्या गालाला लोणी! गोपाळकाल्याला मडकी फोडणाऱ्या आपल्या पोरांनी एकदा हे पाहावंच.

याच दयाऱ्यावर मातीला घळी पडू लागल्या तेव्हा वनखात्याने नारळाच्या काथ्याच्या जाळ्या अंथरल्या आणि चीडाच्या वाळक्या सुयांचे छोटे बांध घातले. नालाबांधाची कामं पाहिलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला ती युक्ती लगेच कळेल. बुग्याळाची माती जेमतेम असते आणि वाढीला वर्षातले चार-पाच महिने मिळतात; एकदा सोललेली जागा भरून यायला फार काळ लागतो. 2018 साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीचा मुक्काम बंद केला आणि माणसांच्या संख्येवर मर्यादा घातली. तंबूतल्या चांदण्या रात्री गेल्या म्हणून हळहळणारे मित्र मला भेटतात. मी न्यायालयाच्या बाजूने आहे. पुढच्याच वर्षी औलीच्या उतारांवर एका धनाढ्य घराण्याचं लग्न लागलं आणि मागे कचऱ्याचे ढीग राहिले, हे ज्यांनी वाचलं असेल त्यांना वेगळं सांगायला नको.

चंद्रशिलेवरून काय दिसतं हे सांगायचं राहिलंच. 7,138 मीटरचा चौखंबा अगदी समोर, केदारनाथचं शिखर, त्रिशूल, नंदादेवी. पहाटे पोचलात तर एकामागून एक उजळतात. तिथं बसून मला एक क्षुद्र समाधान मिळतं. आमचा माळ ज्या काळ्या दगडाचा आहे, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. भारताचा भूखंड आशियाला धडकून हा हिमालय उचलला जाऊ लागला त्यानंतर. तेव्हा वयाने वडील आम्ही.

कधी जावं? बुरांससाठी एप्रिल. शिखरं स्वच्छ हवीत तर ऑक्टोबर. दिवाळीच्या आसपास तुंगनाथाची कवाडं बंद होतात आणि डोली मक्कूमठला उतरते. मला विचाराल तर ऑगस्ट. दरडी कोसळतात, जळवा लागतात, चौखंबा दिवसेंदिवस ढगात असतो, आणि म्हणूनच माणूस मान खाली घालून फुलं पाहतो. चोपत्यात एक रात्र काढून मगच वर चढा. तुंगनाथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो आणि डोकं दुखू लागलं तर खाली उतरणं हाच उपाय. परतीचं आरक्षण मात्र दोन दिवस पुढचं काढा. रुद्रप्रयागच्या वरच्या दरडींना रेल्वेचं वेळापत्रक ठाऊक नसतं.