कबड्डीची शिट्टी कधी वाजते?

प्रो कबड्डीत शिट्टी वाजली, की टीव्हीसमोर बसलेल्यांत दोन तट पडतात. ‘हल्ली पंच फारच कडक झालेत’ हे वाक्य तर ठरलेलेच. बडोद्यात मांडवीच्या आसपासच्या जुन्या शहरात वाढलेल्या आपल्या मराठी मंडळींनी या वादात जरा अधिकाराने बोलायला हरकत नाही. 1923 साली हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचेच, नियम ठरवून छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्यात झालेली अखिल भारतीय स्पर्धा त्या नियमांनुसार खेळवली गेली. हिंद विजय जिमखान्याचे नाव या कामाशी जोडलेले आहे.

त्याआधी गावोगावची तऱ्हा वेगळी होती. संजीवनी प्रकारात समोरचा गडी मारला की आपला बाद गडी जिवंत होई. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसे. अमर प्रकारात तर बाद होऊनही गडी मैदानातच राही. नियम एक नसेल, तर पंच कडक की सैल हे ठरवणार कशावरून?

आता सामना सुरुवातीपासून पाहू. मैदानावर एक सरपंच, दोन पंच, दोन रेषापंच आणि एक गुणलेखक असतो. खेळ सुरू होण्याआधी खेळाडूंची तपासणी होते. नखे कापलेली हवीत, अंगाला तेल किंवा निसरडे काही लावलेले नको, दागिना नको. हौशी स्पर्धांत ही तपासणी बहुधा होतच नाही, आणि मग पकड का निसटली यावरून भांडणे होतात.

पुढची पायरी चढाईची. चढाईपटूने प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात पाय टाकण्याआधीच ‘कबड्डी’चा दम सुरू करायचा असतो. उशिरा सुरू केला, तर तो बाद होत नाही. पंच त्याला परत पाठवतात, समोरच्या संघाला एक गुण आणि चढाईची संधी मिळते. प्रेक्षकांची पहिली गफलत इथेच होते. गुण गेला म्हणजे गडीही गेला, असे धरून ते ओरडू लागतात.

चढाईला 30 सेकंद मिळतात. या वेळात कुणाला स्पर्श झाला नाही, तरी ‘निदान रेषा’ नावाची रेषा ओलांडावी लागते. पुरुषांच्या मैदानात ती मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर असते, आणि तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. मात्र एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला, त्या क्षणी मागचा पाय हवेत असायला हवा. टीव्हीवर आपण पुढचा पाय बघतो, पंच मागचाही बघत असतात. बोनसचे निम्मे वाद एवढ्यावरच मिटतील.

सर्वांत बिकट जागा लॉबीची. लॉबी म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंचा एक मीटर रुंदीचा पट्टा. स्पर्श किंवा झटापट झाल्यावरच तो खेळात येतो. कुणालाही न शिवता चढाईपटू त्यात शिरला, तर तो बाद. पण त्याच्या मागे बचावपटूही तिथे गेले, तर त्यांचे काय?

7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतल्या भारत-इराण अंतिम सामन्यात नेमका हाच प्रश्न उभा राहिला. गुणफलक 28-28, शेवटचे मिनिट जवळ आलेले. भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कुणालाही न शिवता लॉबीत गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग. जुन्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्याच्यामागे गेलेले बचावपटूही बाद. प्रो कबड्डीत वापरल्या जाणाऱ्या नव्या नियमाप्रमाणे फक्त चढाईपटू बाद. निर्णय बदलत राहिला, दोन्ही संघ मैदानातच बसून राहिले, खेळ तासभर थांबला. शेवटी भारताला तीन आणि इराणला एक गुण मिळाला, आणि भारत 33-29 असा जिंकला. माझ्या मते तिथे पंचांची ढिलाई किंवा कडकपणा हा मुद्दाच नव्हता. नियमांच्या दोन आवृत्त्या एकाच मैदानात उतरल्या होत्या.

त्यानंतर पकड. हात, पाय आणि धड एवढेच धरता येते. केस किंवा कपडा ओढणे, तोंड दाबून दम तोडणे, गळा आवळणे, पायांची कात्री घालणे हे सगळे फाउल. अशा पकडीत चढाईपटू बाद होत नाही. खांद्याने धडक देऊन त्याला रेषेबाहेर घालवणे मात्र नियमात बसते, दिसायला कितीही रांगडे असो.

बास्केटबॉल बघणाऱ्यांची इथे पंचाईत होते. त्या खेळात नियमबाह्य स्पर्श मोजले जातात. आंतरराष्ट्रीय नियमांत पाच आणि अमेरिकेच्या एनबीएत सहा वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाहेर. 2004-05च्या हंगामापासून एनबीएने चेंडू घेऊन येणाऱ्याला हाताने रोखून धरण्यावर कडक शिट्टी सुरू केली आणि चपळ खेळाडूंना वाट मोकळी झाली. कबड्डीत अंगाला अंग भिडणे हाच खेळ. त्यामुळे इथे कडकपणा म्हणजे जास्त शिट्ट्या नव्हेत, तर तीच कृती दहाव्या आणि एकोणचाळिसाव्या मिनिटाला सारखीच धरणे.

वर्तन बिघडले तर कार्ड निघते. हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे उरलेल्या सामन्यातून रजा. पिवळे कार्ड दाखवले की संघ दोन मिनिटे एका गड्याने कमी पडतो. लोकांना लाल कार्डाचे कौतुक, पण सामने बहुतेक या दोन मिनिटांत फिरतात.

निर्णय पटला नाही, तर प्रो कबड्डीत संघाला व्हिडिओवर फेरतपासणी मागता येते. ती मोजकीच मिळते, म्हणून रागाच्या भरात पहिल्याच सत्रात मागून बसणे महागात पडते.

आपल्या पोळात नवरात्रानंतर किंवा उन्हाळ्यात स्पर्धा भरवणार असाल, तर व्हिडिओ वगैरे काही नसणारच. म्हणून निदान लॉबीचा कोणता नियम लागू आहे, ते कागदावर लिहून नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्या.