रावणवध सर्ग ९७ की १०८? बडोद्याचे रामायण आणि आपोआप पडणारे क्रमांक

वाल्मीकी रामायणात रावणवध युद्धकांडाच्या कितव्या सर्गात येतो? गीता प्रेसच्या प्रतीत १०८ व्या, बडोद्याच्या चिकित्सित आवृत्तीत ९७ व्या. चित्रकूटावर राम भरताला राज्यकारभाराविषयी एकामागून एक प्रश्न विचारतो, तो प्रसिद्ध ‘कच्चित्’ सर्ग अयोध्याकांडात पहिल्या प्रतीत १०० वा, तर दुसरीत ९४ वा आहे. प्रसंग तेच, पण क्रमांक सरकलेले. संगणकावर मोठा अहवाल लिहिताना मधले एक कलम खोडले की खालची सगळी कलमे एकेक घर वर चढतात. बडोद्यात हेच घडले, फक्त हाताने आणि चोवीस वर्षे चाललेल्या कामात.

बडोद्याचे काम

सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १९१५ मध्ये ‘गायकवाड्स ओरिएंटल सिरीज’ ही ग्रंथमाला सुरू झाली आणि १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. पुढे ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार होत होती. तोच आदर्श समोर ठेवून बडोद्याने १९५१ मध्ये रामायण हाती घेतले. गो. ह. भट्ट यांनी संपादित केलेले बालकांड १९६० मध्ये पुरे झाले, तर उ. प्रे. शाह यांचे उत्तरकांड १९७५ मध्ये. मराठी पंडित प. ल. वैद्य यांच्याकडे अयोध्या आणि युद्ध अशी दोन कांडे होती. वर दिलेली दोन्ही उदाहरणे त्यांच्याच कांडांतली.

देशभरातली हस्तलिखिते ताडून पाहताना जो मजकूर मागाहून भरला गेला असे दिसले, तो मूळ पाठातून बाजूला काढला गेला. त्यामुळे प्रचलित पाठातल्या ६४५ सर्गांचे बडोद्याच्या पाठात ६०६ सर्ग झाले. घरोघरी म्हटले जाणारे आदित्यहृदय स्तोत्रही युद्धकांडाच्या मूळ पाठातून परिशिष्टात गेले.

तीन पातळ्या, शिवाय एक वेगळी यादी

रामायणातल्या श्लोकाचा पत्ता तीन आकड्यांचा असतो: कांड, सर्ग, श्लोक. सर्ग बदलला की श्लोकांची मोजणी पुन्हा १ पासून, कांड बदलले की सर्गांची. वर्डमधली बहुस्तरीय यादी हुबेहूब अशीच चालते. वरची पातळी पुढे सरकली की खालची आपोआप १ वर येते. वर्ड अशा नऊ पातळ्या देतो, लिब्रेऑफिस रायटर दहा.

वगळलेल्या ओळींचे काय करायचे? त्या फेकून देता येत नाहीत, कारण अभ्यासकाला त्या हव्या असतात. मुख्य मोजणीत घेतल्या तर सगळा क्रम बिघडतो. म्हणून त्या पानाच्या तळाशी तारांकित करून छापल्या आणि त्यांना स्वतःची, मुख्य श्लोकांपासून अलग अशी मोजणी दिली. लांब उतारे परिशिष्टात गेले. वर्डच्या भाषेत सांगायचे तर एकाच दस्तऐवजात दोन स्वतंत्र याद्या चालल्या आणि एकीची मोजणी दुसरीत मिसळली नाही.

आकडा असतो कुठे?

आपोआप पडलेला आकडा परिच्छेदाच्या मजकुरात नसतो. म्हणूनच त्यावर कर्सर नेऊन एखादे अक्षर बदलता येत नाही. फाइलमध्ये परिच्छेदापाशी एवढीच नोंद असते की हा अमुक यादीचा, अमुक पातळीचा घटक आहे. १, २, ३ दाखवायचे की क, ख, ग, हे त्या यादीच्या व्याख्येत वेगळे ठेवलेले असते. पडद्यावर पान उमटते तेव्हा वर्ड वरून खाली मोजत येतो आणि आकडा लिहितो.

नंबरिंग बिघडण्याची बहुतेक कारणे इथेच सापडतात. दुसऱ्या फाइलमधून उतारा पेस्ट केला की तो आपल्या यादीची व्याख्याही सोबत आणतो. मग डोळ्यांना एकच दिसणारी यादी आत दोन याद्यांची असते आणि पाचनंतर अचानक १ येतो. अशा वेळी आकड्यावर उजवी कळ दाबून मोजणी पुढे चालू ठेवण्याचा पर्याय निवडावा. पण मोठ्या दस्तऐवजात प्रत्येक ठिकाणी अशी मलमपट्टी पुरत नाही. खरा इलाज म्हणजे मथळ्यांच्या स्टाइली सुरुवातीलाच एका बहुस्तरीय यादीला जोडणे आणि आकडे फक्त स्टाइलमधून येऊ देणे. मुद्द्याच्या आत नवी ओळ हवी, पण नवा आकडा नको असेल, तर शिफ्ट धरून एंटर दाबावे.

क्रम आणि नाव

आकडा दोन कामे करतो. रांगेत जागा दाखवणे हे एक, आणि बोलावण्यासाठी नाव होणे हे दुसरे. ‘कलम ७ पाहा’ असे हाताने लिहिले आणि मधले कलम गळाले, तर उल्लेख चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणून असा उल्लेख क्रॉस-रेफरन्स वापरून घालावा. तो आकडा लक्षात न ठेवता तो परिच्छेदच लक्षात ठेवतो. मात्र तो लगेच बदलत नाही. सगळा मजकूर निवडून एफ९ दाबले की उल्लेख ताजे होतात.

भारतीय संविधानाने उलटी वाट धरली. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने शिक्षणाचा हक्क आला तेव्हा अनुच्छेद २२ ला हलवले नाही, नव्याला २१क म्हटले. ४४ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३१ निरसित झाला, तरी त्याची जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही. न्यायनिवाड्यांत हे आकडे नावे बनून बसलेले असतात.

तेव्हा दस्तऐवज घडत असताना आकडे आपोआप पडू द्यावेत आणि तो लोकांच्या हाती गेला की ते गोठवावेत. मोजणी मजकुरात उतरवणारी ‘कन्व्हर्ट नंबर्स टू टेक्स्ट’ ही आज्ञा वर्डच्या मॅक्रोंमध्ये त्यासाठीच आहे.

बडोद्याचे रामायणही शेवटी असेच गोठले. जपानच्या मुनेओ तोकुनागा यांनी तो पाठ संगणकावर उतरवला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. त्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या आधी कांड, सर्ग आणि श्लोक यांचे आकडे सलग टंकलेले आहेत. संगणक स्वतः मोजू शकत असूनही तिथे काहीच आपोआप पडत नाही. आज रावणवधाच्या सर्गातली एखादी ओळ कोणी तिथून उचलून दुसरीकडे नेली, तरी ९७ हा आकडा तिच्यासोबतच जातो.